ऑपरेशन शहरात, पथ्य घरात

वजनाच्या ऑपरेशनात माणसाचे जठर कायमचे बदलते. ज्या घरात तो परत जातो ते घर, तिथल्या जेवणाच्या वेळा, सणवार आणि आग्रह करणारी माणसे मात्र होती तशीच राहतात. पाच-दहा वर्षांनी वजन कुठे येऊन ठरते, हे पुष्कळसे या दोहोंचे किती जमते यावर अवलंबून असते. तरीही पथ्य सुटले की सगळा दोष रुग्णाच्या मनोनिग्रहाला दिला जातो. असा दोष देणे सोपे आहे, आणि बहुतेक वेळा ते चुकीचे असते. सातारा जिल्ह्यातल्या पाटणसारख्या डोंगरी तालुक्यात ही गोष्ट फार ठळक दिसते. तिथला माणूस अशा ऑपरेशनसाठी बहुधा मुंबई-पुण्याला जातो आणि पुढचे सगळे आयुष्य कोयना, मोरणा, वांग किंवा तारळी नदीच्या खोऱ्यातल्या गावात काढतो.

या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे जास्त केले जातात. ‘स्लीव्ह’मध्ये जठराचा सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची अरुंद नळी मागे ठेवतात. ‘बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाची साधारण 30 मिलिलिटरची पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. त्यामुळे अन्न जठराचा उरलेला भाग आणि आतड्याचा सुरुवातीचा भाग टाळून पुढे जाते. दोन्ही ऑपरेशने दुर्बिणीतून होतात आणि रुग्ण दोन-चार दिवसांत घरी जातो. पोट लहान होणे हा त्यातला दिसणारा भाग झाला. भूक जागवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होते. स्लीव्हमध्ये नेमका तोच भाग निघून जातो, म्हणून पहिले काही महिने भूक खरोखरच मंदावते. बायपासनंतर आतड्यातून पोट भरल्याची खूण देणारी संप्रेरके वाढतात. मधुमेह असलेल्यांची साखर तर वजन फारसे उतरण्याआधीच खाली येऊ लागते.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी 1966 मध्ये पहिला जठर बायपास केला. महाराष्ट्रात सर्वसामान्यांना हे ऑपरेशन ठाऊक झाले ते मुख्यतः बातम्यांमधून. 2011 मध्ये नितीन गडकरी यांनी मुंबईत ते करून घेतले, तेव्हा त्याची चर्चा गावोगाव झाली. 2017 च्या फेब्रुवारीत इजिप्तच्या इमान अहमद या अतिस्थूल महिलेला विमानाने मुंबईत आणले गेले आणि मार्चमध्ये त्यांच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. पुढचे काही आठवडे त्यांचे किती किलो उतरले याचे आकडे रोज छापून येत होते. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलवले आणि सप्टेंबरमध्ये तिथे त्यांचे निधन झाले. त्यांचा आजार फार गुंतागुंतीचा होता आणि त्यावरून कोणताही सर्वसाधारण निष्कर्ष काढणे योग्य नाही. पण या बातम्यांनी लोकांच्या मनात एक समजूत पक्की केली, ती म्हणजे उतरलेले किलो हेच या ऑपरेशनचे फळ. दुसऱ्या, पाचव्या, दहाव्या वर्षी काय होते, ही बातमी होत नाही.

त्या पुढच्या वर्षांचे चित्र स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात दिसते. 1987 पासून त्यात शस्त्रक्रिया झालेले दोन हजारांवर रुग्ण आणि शस्त्रक्रिया न झालेले जवळपास तेवढेच लोक यांच्यावर लक्ष ठेवले गेले. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत मूळ वजनाच्या 32 टक्क्यांनी उतरले होते, दहा वर्षांनी ही घट 25 टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे काही वजन परत आले, पण बरेचसे कायमचे गेले. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाणही कमी आढळले. थोडे वजन परत येणे हा शरीराचा धर्मच आहे. घटलेले वजन हा धोका समजून शरीर भूक वाढवते आणि बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जा कमी करते. हे ठाऊक नसलेला माणूस तिसऱ्या वर्षी काटा चार किलोने वर गेला की ऑपरेशन फसले असे समजतो, लाजेने डॉक्टरांकडे जायचे टाळतो आणि मग खरोखरच घसरत जातो.

पहिले वर्ष-दीड वर्ष म्हणून फार मोलाचे. भूक मंद असते, बदल डोळ्यांना दिसतो, घरचेही कौतुकाने सांभाळून घेतात. नवी सवय रुजण्याची वेळ हीच. पुढे भूक परततेच, आणि तेव्हा त्या माणसाला सवयीखेरीज दुसरा आधार उरत नाही.

पाटणच्या खोऱ्यातली जेवणाची सवय कष्टाच्या कामातून आली आहे. डोंगरउतारावर नाचणी, वरई आणि भात पिकवणारी, सरपण-गवताचे भारे डोक्यावरून आणणारी माणसे इथली. इथल्या असंख्य घरांतले पुरुष मुंबईत ओझी वाहायला गेले. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे, आणि 1969 चा माथाडी कायदा या कामगारांच्या चळवळीतूनच आला. दिवसभर पोती उचलणाऱ्याला तीन भाकरी आणि भाताचा ढीग लागतच असे. पुढच्या पिढीचे काम बदलले. कोणी गाडी चालवते, कोणी दुकानात किंवा कार्यालयात बसते. ताटाचे माप मात्र बापाचेच राहिले, आणि त्यात बिस्किटे, फरसाण, थंड पेयांच्या बाटल्यांची भर पडली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019–21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या प्रौढ स्त्री-पुरुषांपैकी जवळपास चौथा हिस्सा जादा वजनाचा आढळला, तो अशाच घराघरांतून जमलेला आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाला या ताटाचे माप एकट्याने बदलायचे असते आणि भोवती बाकीचे सगळे जुन्याच मापाने जेवत असतात.

रुग्णालयातून मिळणारी आहाराची यादी शहरी घर डोळ्यासमोर ठेवून केलेली असते. सूप, प्रोटीनची पावडर, ओट्स, ग्रीक योगर्ट. गावात ती यादी हाती घेऊन सून दुकानात जाते आणि निम्म्या वस्तू न मिळाल्याने परत येते. खरे तर या यादीतल्या बहुतेक पायऱ्या इथल्या स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. सुरुवातीच्या दिवसांत फक्त पातळ पदार्थ द्यायचे असतात, त्यासाठी मुगाचे गाळलेले कढण, डाळीचे वरचे पाणी, मलई काढलेले ताक. मग घट्ट पातळ पदार्थ येतात, तिथे गूळ न घातलेले हुलग्याचे माडगे आणि ताकातली नाचणीची आंबील चालते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून घोटलेले वरण, मऊ पिठले, कुस्करलेले अंडे, कोयनेच्या पाण्यातला काटे काढलेला उकडलेला मासा. कोणती पायरी कधी चढायची हे सर्जन आणि आहारतज्ज्ञ ठरवतात. पण कोणता पदार्थ कोणत्या पायरीवर बसतो, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिच्याच भाषेत सांगितले गेले तर पथ्य पहिल्याच महिन्यात मोडत नाही.

भाकरीचा प्रश्न निराळा आहे. कोरडी भाकरी, चिवट पोळी आणि मोकळा भात हे पहिल्या काही महिन्यांत अनेकांना छातीत अडकल्यासारखे वाटतात. मग भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून खाल्ली जाते आणि ती सहज उतरते. नेमकी तिथे अडचण सुरू होते. ओले, मऊ अन्न लहान पोटातून भराभर पुढे सरकते, पोट भरल्याची जाणीव टिकत नाही आणि तासाभरात पुन्हा काहीतरी खावेसे वाटते. कष्ट न घेता घशाखाली जाणारे अन्नच पुढे वजन परत आणते.

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण 60 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. एका नाचणीच्या भाकरीला सुमारे 50 ग्रॅम पीठ लागते आणि त्यात प्रथिने साडेतीन ग्रॅमच्या आसपास असतात. नव्या पोटाची जागा अर्ध्या भाकरीत भरली, तर त्या जेवणातून दोन ग्रॅमही मिळाली नाहीत. तेच पोट दोन उकडलेल्या अंड्यांनी भरले तर बारा ग्रॅम मिळतात. म्हणून ताटात आधी अंडे, मासा, कोंबडी, पनीर किंवा घट्ट उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा चतकोर, हा क्रम सांगतात. मराठी ताटाचा क्रम याच्या बरोबर उलटा आहे. इथे भाकरी हेच जेवण आणि बाकी सगळे तोंडी लावणे. ही उलटापालट म्हणजे सगळ्या पथ्यांतले सर्वात अवघड पथ्य. शाकाहारी घरात तर आकडा गाठायला दिवसभराची आखणीच करावी लागते. पाव लिटर दूध, दोन वाट्या घट्ट डाळ, 100 ग्रॅम पनीर, मूठभर सोयाबीनच्या वड्या आणि वाटीभर दही, एवढे सहा छोट्या खाण्यांत बसवले तेव्हा कुठे 60 ग्रॅम होतात.

नाचणीत कॅल्शियम भरपूर, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे आणि ते खरेही आहे. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. पण शस्त्रक्रियेनंतर रोजची गरज 1200 ते 1500 मिलिग्रॅमची, आणि अर्ध्या भाकरीतून नव्वदच्या आसपास मिळणार. त्यातलेही सगळे अंगी लागत नाही. म्हणून ‘आमच्याकडे नाचणी आहे, गोळ्या कशाला’ हा युक्तिवाद चालत नाही.

गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि त्या सर्वात लवकर सुटतात, कारण त्या सोडल्याने दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. शरीरात बी-12 चा साठा असतो, त्यामुळे कमतरता दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात. तोवर हातापायांना मुंग्या येऊ लागलेल्या असतात. लोह आणि कॅल्शियम आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषले जातात, आणि बायपासमध्ये तोच भाग वगळलेला असतो. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना आधीपासूनच रक्तक्षय असतो, म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावर येतानाच पुष्कळ जणींचा लोहाचा साठा कमी असतो. त्यात सकाळची लोहाची गोळी चहाबरोबर घेतली जाते, आणि चहा लोहाला अडवतो. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतले तरी कॅल्शियम लोहाला अडवते. दोहोंत किमान दोन तासांचे अंतर हवे. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर आणि कॅल्शियमची रात्री जेवणानंतर, अशी घरातल्या ठरलेल्या कामांना बांधलेली वेळ टिकते.

कसे खावे याचे नियम थोडे आहेत. घास लहान, चावणे सावकाश, पोट भरल्याची पहिली खूण मिळताच हात थांबवणे, आणि जेवताना व पुढे अर्धा तास पाणी न पिणे. येता-जाता डब्यातला चिवडा, शेंगदाणे, बिस्किट तोंडात टाकण्याची सवय यात सर्वात घातक. त्यात कधीच पोट भरत नाही, म्हणून ऑपरेशनने घातलेली मर्यादा तिथे लागूच पडत नाही.

पण माणूस एकटा जेवत नाही. गावची जत्रा असते, पहिल्या दिवशी पुरणपोळीचा नैवेद्य आणि दुसऱ्या दिवशी मटण. मुंबईकर झाडून गावी आलेले असतात, घरोघर पाहुण्यांच्या पंगती उठतात. चैत्रात बनपुरीच्या नाईकबाची यात्रा, रामनवमीला चाफळचा उत्सव, मग लग्नसराई. पानात वाढलेले टाकायचे नाही ही इथली शिकवण, आणि नको म्हणणाऱ्याला आणखी एक वाढायची ही रीत. ‘एवढंसं खाऊन कसं व्हायचं? घे की आणि थोडं’ असे म्हणणाऱ्या आत्या-मावशीच्या मनात माया असते. उपाशी दिवस पाहिलेल्या पिढीला जेवू घालणे हीच माया दाखवण्याची एकमेव रीत ठाऊक आहे. रुग्णाने दर पंगतीत एकट्याने नकार देत बसावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. घरातल्या मोठ्या माणसाने, सासऱ्याने किंवा थोरल्या दिराने, आधीच सांगून ठेवले की ‘तिचं ऑपरेशन झालंय, तिला आग्रह करायचा नाही’, तर पंगत ऐकते. ताटाऐवजी ताटली आणि मटणाचे दोन मऊ तुकडे एवढ्यात जत्रा पार पडू शकते. उलट ऑपरेशन लपवून ठेवलेल्या घरांत हे संरक्षण मिळत नाही. वजनासाठी ऑपरेशन करणे म्हणजे आळशाची पळवाट, ही समजूत लपवायला भाग पाडते आणि लपवणे पथ्य मोडते.

उपवासांचेही असेच. एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र यांत साबुदाण्याची खिचडी, बटाटा, रताळे, म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट आणि तूप. निर्जळी उपवास तर लहान पोटाच्या माणसाला परवडतच नाही, कारण राहिलेले पाणी त्याला एका दमात भरून काढता येत नाही. दूध, दही, पनीर, शेंगदाणे आणि थोडी वरई यांत उपवासही सांभाळता येतो आणि प्रथिनेही. ज्यांना ते पटत नाही त्यांनी निदान पहिले वर्ष उपवास सोडून द्यावेत. देवाधर्मात आजाऱ्याला सवलत पूर्वीपासून आहे.

बायपास झालेल्याने पेढा, उसाचा रस किंवा काकवी घेतली तर दहा मिनिटे ते अर्ध्या तासात घाम सुटतो, छाती धडधडते, पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. काहींची साखर दोन-तीन तासांनी एकदम खाली जाते. दारू पूर्वीपेक्षा लवकर आणि जास्त चढते, आणि जेवणातले सुख गेलेल्या काहींना तिचे व्यसन नव्याने लागते. तंबाखू आणि मिश्री ऑपरेशनच्या आधीच सुटायला हव्यात.

गावातल्या उपचारांच्या दोन सवयी मात्र प्रत्यक्ष धोक्याच्या आहेत. गुडघे किंवा कंबर दुखली की मेडिकलमधून वेदनाशामक गोळी आणायची, ही पहिली. बायपासनंतर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या गोळ्यांनी जोडाच्या जागी व्रण होतो आणि तो फुटूही शकतो. दुसरी सवय सलाइनची. सतत उलट्या होणाऱ्या रुग्णात थायमिन, म्हणजे बी-1, काही आठवड्यांत संपते. अशा माणसाला थकवा आला म्हणून थायमिन न देता ग्लुकोजचे सलाइन लावले तर मेंदूला इजा होऊ शकते. डोळ्यांसमोर दुहेरी दिसणे, तोल जाणे, भान सुटणे ही तिची लक्षणे. म्हणून ऑपरेशनचा प्रकार, तारीख, टाळायची औषधे आणि ‘सलाइनआधी थायमिन’ ही सूचना मराठीत लिहिलेले कार्ड रुग्णाच्या पाकिटात आधार कार्डाशेजारी असायला हवे. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्याही त्याच मात्रेत चालू ठेवायच्या नसतात, कारण वजन उतरताना त्यांची गरज झपाट्याने कमी होते.

व्यायामाचा सल्ला आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा असतो आणि चालणे त्यातले सर्वात सोपे. इथे मात्र जून ते सप्टेंबर पाऊस थांबत नाही. कोयनानगरला वर्षाला साधारण पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पायवाटा निसरड्या होतात, दिवस लवकर काळवंडतो, आणि उन्हाळ्यात लागलेली चालायची सवय आषाढात मोडते ती दिवाळीपर्यंत परत येत नाही. म्हणून पावसाळ्याची कसरत वेगळी ठरवावी लागते. सोप्यात येरझाऱ्या, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठबस, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. स्नायू टिकवायला अशी वजन उचलण्याची कसरत चालण्याइतकीच गरजेची असते. भाताच्या लावणीत दिवसभर राबणाऱ्या बाईला वेगळ्या व्यायामाची गरज नसते, तिला त्या दिवशी वेळेवर पाणी आणि प्रथिने मिळणे महत्त्वाचे.

रुग्ण बाई असेल तर आणखी एक पेच पडतो. सगळ्यांचे वाढून झाल्यावर उरलेले खायचे, ही तिची जुनी सवय. उरते ती भाकरी आणि रस्सा. अंडी, मासे, मटण आधीच संपलेले असते. तिचे पान आधी वाढले गेले नाही तर बाकी सगळा सल्ला कागदावरच राहतो. वजन उतरताच पाळी नियमित होऊन दिवस राहण्याची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायची असते, हे नवऱ्यालाही सांगितलेले असावे लागते.

तपासण्या पहिल्या वर्षी तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, नंतर दरवर्षी. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आणि वजन प्राथमिक आरोग्य केंद्रात पाहता येते. बी-12, ड जीवनसत्त्व, फेरिटिन यांसाठी पाटणपासून पस्तीसेक किलोमीटरवरच्या कराडला जावे लागते. विमा नियामकाने 2019 मध्ये ठरवून दिलेल्या निकषांत बसणाऱ्या रुग्णाला शस्त्रक्रियेचा खर्च मिळू शकतो. पुढच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या मात्र बहुतेक पॉलिसींत रुग्णाच्या खिशातूनच होतात. ऑपरेशनच्या खर्चाचा हिशेब मांडतानाच दर वर्षाची ही रक्कम त्यात धरली पाहिजे, आणि ती सांगणे हे ऑपरेशन सुचवणाऱ्याचे काम आहे.

वजन पुन्हा चढू लागले तर चार-पाच किलोंवरच डॉक्टरांना गाठावे. तिथे रोजचे खाणे, झोप, चालू औषधे, मनावरचा ताण आणि नळीचा किंवा जोडाचा आकार पाहिला जातो. 2025 पासून भारतात मिळू लागलेली टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीची सेमाग्लुटाइड ही भूक कमी करणारी इंजेक्शने काही रुग्णांना या टप्प्यावर उपयोगी पडतात. ती थांबवली की भूक परत येते, आणि ती चालू असतानाही प्रथिने, गोळ्या आणि स्नायूंची कसरत यांची गरज तशीच राहते. दुसरे ऑपरेशन त्याहून पुढचा आणि अधिक जोखमीचा उपाय. तो निवडक रुग्णांत, सगळ्या तपासण्या झाल्यावरच केला जातो.